चिमणीचा पायथा आणि शिशाची पट्टी

इंग्लिश खाडीतल्या गर्नसी आणि जर्सी या बेटांवर ग्रॅनाइटची जुनी घरे अजून बरीच शाबूत आहेत. त्यांच्या चिमण्या निरखून पाहिल्या की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. छपरापासून थोड्या उंचीवर, चिमणीच्या भिंतीतून चपटे दगड बाहेर आलेले असतात. त्यांच्यावर कशाचाही भार नसतो, शोभेसाठी म्हणावे तर त्यांना आकारही नसतो. बेटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या सांगत आली की हे चेटकिणींचे बसायचे दगड. उडून दमलेल्या चेटकिणीला तिथे टेकायला मिळाले की ती चिमणीतून घरात उतरत नाही.

खरे कारण पावसाचे आहे. ही घरे पूर्वी पेंढ्याने शाकारलेली असत. पेंढ्याचे छप्पर चांगले हातभर जाड. त्याची कड या दगडांखाली सरकवलेली असे आणि चिमणीच्या अंगावरून ओघळणारे पाणी दगडांवरून बाहेर पडून पेंढ्यावर जाई, सांध्यात शिरत नसे. पुढे पेंढा गेला, कौले आणि स्लेटच्या पातळ लाद्या आल्या. छपराची जाडी एकदम कमी झाली आणि दगड मात्र जुन्याच उंचीवर अधांतरी राहिले. स्कॉटलंडमधल्या जुन्या घरांवरही असे दगड दिसतात. चिमणी आणि छप्पर यांच्यामधला सांधा पाण्यापासून राखण्याची ही एक जुनी तजवीज. या सांध्याची पुढची कथा इंग्लंडमध्ये घडली, आणि ती मुख्यतः शिसे हाताळणाऱ्या कारागिरांची आहे.

मुळात इंग्लंडमधल्या सामान्य घराला चिमणी नव्हतीच. मध्ययुगात घराचा मुख्य भाग म्हणजे थेट छपरापर्यंत मोकळा असलेला एक मोठा दिवाणखाना. त्याच्या मधोमध जमिनीवर चूल पेटे आणि धूर वर जाऊन छपरातल्या झरोक्यांतून किंवा पेंढ्यातून वाट काढी. केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट प्लेसचा 1341 मधला दिवाणखाना आजही उभा आहे आणि त्याच्या मधोमध ती चुलीची जागाही आहे. वेस्ट ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे ‘बेलीफ’ नावाचे शेतकऱ्याचे घर पुन्हा उभारलेले आहे, तेही असेच. डेव्हनमधल्या काही घरांत आजच्या पेंढ्याच्या तळाशी मध्ययुगातला, काजळीने काळा झालेला थर तसाच टिकून आहे. वरचे थर बदलत गेले, खालचा राहिला.

सोळाव्या शतकात हे चित्र पालटले. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने 1577 मध्ये इंग्लंडचे सविस्तर वर्णन छापले. गावातल्या म्हाताऱ्यांच्या देखत ज्या तीन गोष्टी फार बदलल्या त्यांची नोंद त्यात आहे, आणि त्यातली पहिली म्हणजे नव्याने उभ्या राहिलेल्या असंख्य चिमण्या. त्यांच्या तरुणपणी बहुतेक गावांत दोन-तीन चिमण्या असल्या तरी पुष्कळ. या बदलाबद्दल हॅरिसन फारसा खूश नव्हता. धुराने घरातले लाकूड पक्के होते आणि माणसाची प्रकृतीही चांगली राहते, अशी जुनी समजूत त्याने नोंदवली आहे.

चिमण्या वाढण्याची कारणे साधी होती. वीट स्वस्त होऊ लागली. दिवाणखान्यावर माळा घालून वर खोल्या काढायच्या तर धुराला बंद वाट हवी होती. शिवाय लाकूड महागले तसा न्यूकॅसलहून समुद्रमार्गे आलेला दगडी कोळसा लंडनमध्ये घरोघरी जळू लागला, आणि कोळशाचा धूर उघड्या चुलीवर सोसवणारा नव्हता. शंभर वर्षांच्या आत चिमणी इतकी सर्रास झाली की 1662 मध्ये सरकारने शेकोट्या मोजून कर बसवला. एका शेकोटीला वर्षाला दोन शिलिंग. लोकांचा रोष एवढा झाला की 1689 मध्ये तो रद्द करावा लागला.

चिमणी आली आणि प्रत्येक छपराला एक मोठे भोक पडले.

हे भोक बुजवणे वाटते तितके सोपे नाही. चिमणी विटांची, वजनदार, थेट जमिनीतल्या पायावर उभी. छप्पर लाकडाचे, भिंतींवर टेकलेले. लाकूड पावसाळी हवेत फुगते, उन्हात आक्रसते, वाऱ्याने किंचित हलते. चिमणी आतल्या विस्तवाने तापते आणि रात्री निवते. घर नवे असताना तिच्या वजनाने पाया थोडा खचतो, तो छपराच्या बाजूने तेवढाच खचत नाही. म्हणजे या सांध्याच्या दोन्ही बाजू आपापल्या गतीने हलत राहतात. त्यात पावसाने चिमणी भिजली की तिच्या चारही अंगांवरून पाणी उतरते आणि वरच्या बाजूला तर आढ्यापासून वाहत आलेले सगळे पाणी ओढ्यातल्या खडकावर थडकावे तसे तिच्या पाठीवर थडकते.

गावच्या गवंड्याने यावर पहिला उपाय केला तो त्याच्या हाताशी असलेल्या मालाचा. चुन्यात जनावरांचे केस मिसळून त्याची तिरपी किनार तो चिमणी आणि कौल यांच्या कोनात भरून देई. कुठे कौलांचे तुकडे चुन्यात तिरपे बसवले जात, म्हणजे पाणी सांध्यापासून दूर उतरावे. काम स्वस्त होते आणि नवे असताना चोखही दिसे. पण चुना एका बाजूने विटेला धरून असतो आणि दुसऱ्या बाजूने कौलाला. दोन्ही वेगवेगळे हलू लागले की तो मधोमध किंवा कडेने तडकतो. त्या केसाएवढ्या भेगेत पाणी शिरते, हिवाळ्यात गोठते, फुगते आणि भेग रुंदावते. चुना निदान मऊ असतो, थोडेफार सोसतो. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी सिमेंट आले तेव्हा हीच किनार आणखी कडक झाली आणि आणखी लवकर सुटू लागली.

शिशाचा मार्ग मोठ्या इमारतींवरून आला. इंग्लंडमध्ये शिशाची खनिजे रोमन काळापासून काढली जात. डर्बीशरमधल्या वर्क्सवर्थ गावी खाणकामगारांचे स्वतःचे न्यायालय भरे आणि खनिज मोजण्याचे 1513 मधले अधिकृत काशाचे माप तिथे आजही जपून ठेवलेले आहे. चर्च आणि मठांची छपरे शिशाच्या पत्र्याने मढवलेली असत. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ बरखास्त केले तेव्हा राजाच्या माणसांनी सर्वांत आधी काय उतरवले असेल तर छपरांवरचे शिसे. मठाच्याच लाकडांवर ते वितळवून त्याच्या लगडी केल्या गेल्या. यॉर्कशरमधल्या रिव्हो मठाच्या ढिगाऱ्याखाली अशा काही लगडी राहून गेल्या होत्या. विसाव्या शतकात त्या सापडल्या आणि त्यांतले शिसे यॉर्क मिन्स्टरमधल्या प्रसिद्ध ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडकीच्या दुरुस्तीला वापरले गेले. चारशे वर्षे मातीत पडूनही धातू जसाच्या तसा होता.

चिमणीच्या पायथ्याला हवे असणारे सगळे गुण शिशात आहेत. ते 327 अंशांना वितळते, म्हणजे साध्या भट्टीवर ओतता येते. ते इतके मऊ असते की लाकडी थापीने ठोकून कोपऱ्यावर, कौलाच्या उंचसखल अंगावर हवे तसे बसवता येते. उघड्या हवेत त्यावर करड्या रंगाचा पातळ थर धरतो आणि पुढची झीज थांबते. एक दोषही आहे: उन्हाने ते विटेच्या चार-पाचपट प्रसरण पावते. या गुणांचा उपयोग कसा करायचा आणि या दोषाला वाव कसा ठेवायचा, यावर सगळी कारागिरी उभी राहिली.

हे काम प्लंबरांचे होते. त्या काळी प्लंबर जितका नळाचा कारागीर तितकाच छपराचा. लंडनच्या प्लंबरांची नियमावली 1365 पासूनची, आणि त्यांच्या संघाला पहिल्या जेम्सने 1611 मध्ये सनद दिली. ते वाळूच्या सपाट वाफ्यावर वितळलेले शिसे ओतून पत्रा काढत. 1670 मध्ये रुळांखाली दाबून एकसारखा पातळ पत्रा काढण्याच्या पद्धतीला हक्कपत्र मिळाले आणि संघाचे जुने कारागीर खवळले. ओतीव पत्रा टिकाऊ की दाबलेला, यावर वाद पेटला, पुस्तिका निघाल्या. ओतीव पत्रा आजही मोठ्या चर्चांच्या छपरांसाठी काढला जातो. सामान्य घराच्या चिमणीपर्यंत मात्र पोचला तो दाबलेलाच, कारण तो पातळ, हलका आणि म्हणून परवडणारा होता. 1666 च्या आगीनंतर लंडन विटांचे बांधायचे असा कायदा 1667 मध्ये झाला. रांगेने उभ्या राहिलेल्या त्या नव्या घरांत प्रत्येक सामायिक भिंतीच्या डोक्यावर चिमण्यांचा जुडगा होता, आणि अशा प्रत्येक जुडग्याभोवती हे काम निघे.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण चांगला कारागीर ते आजही जवळपास त्याच क्रमाने करतो. सुरुवात खालच्या बाजूने होते, वळचणीकडे तोंड असलेल्या अंगाने. तिथे शिशाची एक सलग पट्टी बसते, अर्धी चिमणीच्या भिंतीवर सुमारे 150 मिलिमीटर चढलेली आणि अर्धी कौलांवर पसरलेली. मग दोन्ही बाजू. कौलांच्या प्रत्येक ओळीखाली शिशाचा एकेक छोटा तुकडा काटकोनात वाकवून सरकवतात; कौलाखाली गेलेले पाणी हा तुकडा पुन्हा खालच्या कौलावर आणून सोडतो. या तुकड्यांच्या उभ्या कडा झाकायला वरून पायऱ्यापायऱ्यांची पट्टी येते. विटांचे थर आडवे आणि छपराचा उतार तिरका, म्हणून पट्टी पायऱ्यांत कापावी लागते; प्रत्येक पायरी एकेका थराच्या दरजेशी जुळते. दरज 25 मिलिमीटर खोल खरवडून शिशाची दुमडलेली कड आत घालतात, शिशाच्याच गुंडाळलेल्या पाचरी ठोकून ती धरून ठेवतात आणि मगच दरज चुन्याने भरतात. शेवटी वरची बाजू. चिमणीच्या पाठीमागे शिशाची छोटी पन्हळ करतात, तिचे वरचे टोक कौलांखाली खोलवर नेतात आणि थडकलेले पाणी दोन्ही अंगांनी वाटून देतात.

यात कुठेही शिसे एकाच वेळी चिमणीला आणि छपराला जखडलेले नाही. वरची पट्टी फक्त चिमणीत रोवलेली, खालचे तुकडे फक्त कौलांबरोबर. दोन्ही एकमेकांवर नुसती पडून असतात आणि हलतात तेव्हा एकमेकांवरून सरकतात. प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर 100 मिलिमीटर तरी चढलेला असतो, त्यामुळे पाण्याला आत शिरायचे तर उलटे चढावे लागते. सांधा बंद करण्याऐवजी त्याला हलू देऊन पाणी वळवायचे, हे गवंड्याच्या चुन्याला कधीच जमले नव्हते.

प्रसरणाचा हिशेब कारागिरांनी अनुभवातून बसवला. लांबच लांब पट्टी एकसलग घातली की ती उन्हाळ्यात वाढते, हिवाळ्यात आखडते आणि काही वर्षांत आडवी फाटते. म्हणून ब्रिटनमध्ये आज चिमणीभोवतीचा एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब घेऊ नये असा संकेत आहे. पत्र्याची जाडी आकड्यांत सांगतात आणि तो आकडा म्हणजे एका चौरस फूट पत्र्याचे पौंडांतले वजन. बाजूच्या पट्ट्यांना 4 क्रमांकाचा, साधारण 1.8 मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. कौलांखालच्या छोट्या तुकड्यांना 3 क्रमांकाचा पुरतो. अमेरिकेत पाठीमागच्या पन्हळीच्या जागी लहानसे दुपाखी छप्परच उभारतात. चिमणी 30 इंचांपेक्षा रुंद असेल तर तिथल्या घरबांधणीच्या संहितेत ते सक्तीचे आहे.

हीच चिमणी साहेबाबरोबर सह्याद्रीवर चढली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून 1829 च्या सुमारास महाबळेश्वर वसवले आणि 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानची वाट धरली. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांत शेकोट्या आल्या, छपरांवर चिमण्या आल्या. पण लंडनला वर्षभरात जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला एकट्या जुलैत 2,000 च्या आसपास. तिथे सरकारी मंडळी जूनच्या तोंडावर डोंगर उतरत आणि मागे राहिलेले बंगले गवताच्या तट्ट्यांनी झाकून ठेवले जात. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यावर पश्चिम किनाऱ्यावरची छपरे पालटली. खाचेत खाच बसणारे मंगळुरी कौल सपाट पाख्यावर उत्तम काम देते. चिमणीपाशी मात्र ते कापावे लागते आणि कापले की खाच जाते. कोकणातल्या आपल्या घराला हा प्रश्न पडलाच नाही. चुलीचा धूर नळ्याच्या कौलांच्या फटींतून निघून जाई आणि जाता जाता वासे-रिपांची कीड मारी. धुराने लाकूड पक्के होते, हे हॅरिसनने नोंदवलेले म्हणणे कोकणातल्या कुठल्याही घरमालकाला लगेच पटले असते. पावसाआधी दरसाल शाकारणी करणे एवढेच तिथे पुरत असे.

विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या गळतीचे रूप बदलले. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकट धुके बसले आणि त्यात हजारो माणसे मेली. त्यातून 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळसा मागे पडला, गॅस आणि मध्यवर्ती उष्णतेची सोय आली, शेकोट्या बुजवल्या गेल्या. चिमण्या थंड पडल्या. पूर्वी आतल्या विस्तवाने चिमणी कोरडी राहत असे. आता भिजलेली वीट तशीच भिजलेली राहू लागली. वरचे तोंड सिमेंटने आणि खालचे विटांनी बंद केलेल्या चिमणीत हवा कोंडते, दमटपणा भिंतीवर जमतो आणि जुन्या काजळीतले क्षार ती ओल धरून ठेवतात. मग खोलीच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. पाऊस नसतानाही ते दमट दिसतात, आणि घरमालक छपरावर नाहक खर्च करत राहतो. कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या संयुगांनी सिमेंटचा सांधा फुगतो, तोही ज्या बाजूला पाऊस जास्त लागतो तिथे जास्त. जुन्या वस्त्यांतल्या काही चिमण्या एका अंगाला कलल्या आहेत त्या यामुळे.

त्यात शिशाची चोरी सुरू झाली. धातूचे भाव चढले तशी 2000 नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या शेकडो चर्चांची छपरे रातोरात उघडी पडली. भंगार रोखीने घेण्यावर बंदी आली आणि 2013 मध्ये भंगार व्यापाऱ्यांसाठी नवा कायदा झाला. शिसे विषारी असल्याने ते हाताळणाऱ्यांच्या तब्येतीचा प्रश्नही जुनाच आहे. या दोन कारणांनी रबर आणि ॲल्युमिनियमच्या जाळीचे पर्याय बाजारात आले. साध्या कामाला ते चालतात.

खरे नुकसान या पर्यायांनी केलेले नाही. ते होते चिमणीच्या पायथ्याला डांबर, सिमेंट किंवा नळीतले रबरी लुकण फासून गळती ‘बंद’ करणाऱ्या झटपट दुरुस्तीने. हा थर शिसे, वीट आणि कौल तिन्हींना एकत्र चिकटवतो, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या चुन्याच्या किनारीची चूक नव्या मालाने पुन्हा करतो. तो सुटला की त्यामागे पाणी अडकते आणि मूळ पट्टी शाबूत असली तरी ती उकलून नवी बसवावी लागते.

ब्रिटनमध्ये आज अनेक मराठी कुटुंबे व्हिक्टोरियन काळातल्या घरांत राहतात. चिमणीपाशी ओल दिसली तर त्यांनी भर पावसात विजेरी घेऊन पोटमाळ्यावर जावे आणि चिमणीच्या वरच्या अंगाकडे, पन्हळीच्या जागी आधी पाहावे. गळती बहुधा तिथून सुरू होते आणि वाशावरून ओघळत भलतीकडे ठिबकते. चिमणी वापरात नसेल तर वरच्या तोंडाला हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली जाळी बसवून घ्यावी. दुरुस्तीचे दरपत्रक मागताना एकच प्रश्न विचारावा: पट्टी दरजेत रोवणार की वरून फासणार? फासण्याचे काम स्वस्त पडते आणि काही हिवाळ्यांत सुटते. चांगल्या कारागिराने नीट रोवलेले शिसे साठ वर्षे सहज पुरते, आणि त्यानंतर ते वितळवून पुन्हा वापरताही येते.